रानवांग्याच्या पायावर

अण्णांनी उपटून आणलेलं टोमॅटोचं झाड आमच्या कलमाच्या टेबलावर आडवं ठेवलं. मुळांची ओली माती ट्रेमध्ये सांडली. झाड हिरवंगार होतं. पिवळं पान नाही, डाग नाही, अळीनं पाडलेलं भोक नाही. फक्त शेंडा खाली पडला होता. बसल्या बसल्या डोळा लागून एखाद्याची मान कलंडावी तसा.

"ह्ये तुमचं न मरणारं झाड," अण्णा म्हणाले. "बघा."

खोलीतल्या सगळ्या बायांचे हात थांबले. माझ्या चिमटीत अर्धं कापलेलं रोप होतं. मी त्याच्याकडेच बघत राहिले. वर बघायचं धाडस झालं नाही.

बाहुबली अण्णा सांगलीकडचे, कृष्णाकाठचे. काळीभोर मळीची जमीन. पण त्यांच्या एका वावरात टोमॅटो टिकत नव्हता. झाडं फुलावर येईपर्यंत छान वाढायची आणि मग उभ्या जागी झोपायची. याला मर म्हणतात. रोग जमिनीतला असतो. तो मुळातून आत शिरतो, देठातून वर चढतो आणि पाणी जायची वाट बंद करतो. औषध वरून फवारून उपयोग नसतो. म्हणून या वर्षी ते मुद्दाम आमच्या नर्सरीत, कऱ्हाडजवळच्या मलकापूरला आले होते आणि कलमी रोपं घेऊन गेले होते.

सर घाईनं आत आले. सर म्हणजे नर्सरीचे मालक. मालक म्हटलेलं त्यांना आवडत नाही.

"अण्णा, आधी बसा. चहा सांगतो."

"चहा नगं. रोपं नेताना पाजला की तुमी."

माझ्या मागून मंदा पुटपुटली, "तवा साखर जास्ती पडली असंल." दोघी फिसकन हसल्या. सरांनी वळून बघितलं तशा गप्प झाल्या.

"किती झाडं गेली?" सरांनी विचारलं.

"वरच्या अंगाची निम्मी बसली. रोज सकाळी अजून दोन-चार बसल्याली असत्यात. आमच्या अव्वाचं वावर हाय ते. तिथं ती औषध मारू देत न्हाई. घरच्या पोरास्नी खायाला इख नगं म्हणती. तुमी म्हणलासा, ह्या रोपाला जमिनीतलं औषध लागत न्हाई. म्हणून नेली. आता गावातली माणसं इचारत्यात, अण्णा, मलकापूरची फॅशन कशी हाय?"

 अण्णा बाहेर गेल्यावर सर माझ्याजवळ आले. "शालनबाई, सगळ्या जिल्ह्यात आपण एकटे ही रोपं करतो म्हणून मी सांगत फिरतो. यांनाही मर लागत असेल तर लोक कशाला घेतील? ही झाडं गेली तर दिवाळीनंतर ही खोली मोकळी करू. झेंडूचे ट्रे बसतील इथं."

ते रागानं बोलले नाहीत. त्यामुळे जास्त लागलं.

ही खोली म्हणजे काय, ते आधी सांगते.

टोमॅटोचं झाड गोड फळ देतं, पण पायानं कच्चं असतं. रानवांगं म्हणजे ओढ्याकाठी, पडक्या जागी आपोआप उगवणारं काटेरी वांगं. त्याचं फळ कडू, वाटाण्याएवढं. गुरं तोंड लावत नाहीत. पण त्याचं मूळ चिवट. जमिनीतला रोग त्याला सहसा धरत नाही. आम्ही रानवांग्याचं रोप वाढवतो आणि त्याचा शेंडा तिरका कापून टाकतो. तेवढ्याच जाडीच्या टोमॅटोचा शेंडा तसाच तिरका कापतो. दोन्ही काप एकमेकांवर टेकवतो आणि वरून छोटी मऊ क्लिप लावतो. खाली रानवांगं, वर टोमॅटो. खालच्या भागाला खुंट म्हणतात. दोन्ही जुळतात त्या जागेला आम्ही सांधा म्हणतो.

कापलेली रोपं लगेच चेंबरमध्ये जातात. चेंबर म्हणजे काळ्या कापडानं झाकलेली बुटकी खोली. आत उजेड नाही. फॉगरमधून बारीक धुकं सुटतं. हवा कोमट असते, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाच्या अंगासारखी. त्या अंधारात रोपं नुसती उभी असतात. वाढत नाहीत, फुटत नाहीत. कापल्या जागी दोन्हीकडून पांढरी गाठ धरते. ती गाठच आधी जखम बंद करते, म्हणजे त्या वाटेनं रोग आत शिरत नाही. मग त्या गाठीतूनच शिरेला शीर जाऊन मिळते. कुणी दाखवून देत नाही. अंधारातच एकमेकांना सापडतात.

मी तिथं पाय न वाजवता जाते. जायची गरज नसते तेव्हाही कधी कधी जाते. पापण्यांवर धुकं बसतं. थोड्या वेळानं आपण उभे आहोत की झोपलोय तेच कळत नाही. माझं माहेर म्हसवडकडचं. आम्ही धनगर. लहानपणी पावसाळी सकाळी मेंढरांच्या मधोमध उभी राहिले की असंच वाटायचं. चारी बाजूंनी ऊब, श्वास, आणि कुणी बोलत नाही. चेंबरमध्ये मला तो श्वास ऐकू येतो असं वाटतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मंदाला सांगितलं असतं तर तिनं दिवसभर मेंढरासारखं ओरडून दाखवलं असतं.

दुसऱ्या दिवशी नर्सरीच्या पिकअपमधून ऋतुजा मॅडम अण्णांच्या रानाकडे निघाल्या. मॅडम आमच्या नर्सरीतल्याच, शेतीचं कॉलेज शिकलेल्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी खिडकीतून मला हाक मारली.

"शालनताई, तुम्ही पण चला."

"मी काय करू येऊन? मला बोलता येत न्हाई मॅडम."

"बोलायचं मी बघते. सांधे तुम्ही केलेत. बघायला तुम्ही हव्यात."

मी कधी गिऱ्हाइकाच्या रानात गेले नव्हते. हात धुऊन बसले. टोमॅटोत काम करणाऱ्या बाईची बोटं कितीही धुतली तरी हिरवट काळी राहतात. साबण लावला की पिवळा फेस येतो. गाडीत मी हात पदराखाली घेतले.

मॅडमच्या ते लक्षात आलं असावं. त्या हसल्या. "ताई, तो डाग म्हणजे झाडाचं हत्यार आहे, माहीत आहे का? टोमॅटोच्या देठावर बारीक लव असते ना, तिच्या टोकाला चिकट थेंब असतो. पांढरी माशी बसली की पाय चिकटतात. आपण झाडाला हात लावतो तेव्हा ते आपल्यालाही माशीच समजतं."

"म्हंजी ते आमच्याशी भांडतंय व्हय रोज?"

"रोज. आणि अळीनं पान खाल्लं की झाड बाकीच्या पानांत असं काहीतरी भरतं की अळीला ते पचतच नाही. पोट भरतं, पण अंगी लागत नाही. खाल्लेल्या पानातून वासही सुटतो. शेजारचं झाड तो वास घेतं आणि अळी यायच्या आधीच तयारीला लागतं."

"आणि रानवांगं?" मी विचारलं.

"त्याची गंमत वेगळी. रोगाचे जिवाणू मुळातून आत शिरले की ते आपल्याच शिरेत बूच मारतं. डिंकासारखं काहीतरी भरून ती शीर बंद करतं. तेवढी शीर जाते, पण झाड वाचतं. टोमॅटोलाही थोडं येतं हे, पण त्याला सुचेपर्यंत उशीर होतो. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या गोड फळ आणि मोठं फळ बघून बी राखलं. लढाई कुणी बघितली नाही."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता, भिजून वाकलेला. ढग खाली आले होते. मी खिडकीला डोकं टेकवलं. आपण जिला नुसती हिरवळ म्हणतो, तिच्यात केवढी लगबग चाललीय. कुणी दार लावतंय, कुणी शेजारणीला हाक मारतंय, कुणी भाकरीत कडू कालवतंय. आणि बाहेरून बघावं तर वाऱ्यावर हलणारी पानं. माझा डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली तेव्हा गाडी बांधाला उभी होती.

बांधावर गोणपाट टाकून एक म्हातारी बसली होती. हीच अव्वा. अण्णांची आई. तोंडावर सुरकुत्यांचं जाळं, डोळे मात्र लख्ख.

"ह्या मॅडम," अण्णा म्हणाले. "आणि ह्या कलम करणाऱ्या बाई."

अव्वांनी मॅडमकडे बघितलंच नाही. "कुठली गं तू?"

"माहेर म्हसवडकडं."

"धनगराची व्हय? मग मेंढरं सोडून झाडं कवा राखाय लागलीस?"

 "झाडं पळत न्हाईत, अव्वा," मी म्हणाले.

अव्वा खळखळून हसल्या. "ही बरी हाय. ये बस."

वावर उतरतं होतं. वरच्या अंगाची झाडं खरंच बसली होती. मधूनमधून एखादं उभं. खाली विहिरीच्या बाजूच्या ओळी मात्र ताठ उभ्या होत्या, फुलं धरून. मॅडम म्हणाल्या, पाणी वरून खाली येतं, तर रोगही एक दिवस खाली येणार. अण्णांनी ते ऐकलं. ते म्हणाले, "म्हंजी खालची बी जाणार. मग मी उद्याच रोटर फिरवून समदी मोडतो. उसाचं बेणं तयार हाय."

"थांबा अण्णा, आधी बघू तर द्या," मॅडम म्हणाल्या. "एक काचेचा ग्लास आणि पाणी मिळेल?"

अव्वांनी घागरीतलं पाणी दुहेरी फडक्यातून ग्लासात गाळलं. ग्लास भरेपर्यंत कुणी घाई करू शकलं नाही. फडक्यात काही जीव राहिला असेल तर तो पुन्हा विहिरीच्या पाण्यात सोडायचा, म्हणून त्यांनी फडकं जपून बाजूला ठेवलं.

मॅडमनी बसलेल्या झाडाच्या देठाचा बोटभर तुकडा कापला आणि पाण्यात उभा धरला. आम्ही चौघं ग्लासाभोवती वाकलो. आधी काहीच नाही. मग देठाच्या टोकातून एक पांढरा धागा निघाला. उदबत्तीचा धूर वर जातो, तसा हा खाली चालला होता. हळूहळू, वळत, तुटत. ग्लासाच्या तळाशी त्याचं धुकं झालं.

"हे जिवाणू," मॅडम हळूच म्हणाल्या. "हीच मर."

"जीव हायत व्हय त्ये?" अव्वांनी विचारलं.

"हो आजी. एवढ्याशा धाग्यात मोजता येणार नाहीत इतके."

अव्वा बराच वेळ धाग्याकडे बघत होत्या. "मग त्यास्नी बी जगायचंच हाय की," त्या म्हणाल्या. "पर माझ्या टमाट्यातच कशाला?"

अण्णांनी कपाळावर हात मारला. "अव्वा, त्यास्नी आता पाट मांडून वाढ."

मॅडमनी दुसरा तुकडा कापला. हा उपटलेल्या झाडाच्या बुडाचा, मातीनं लडबडलेल्या रानवांग्याच्या भागाचा. नव्या पाण्यात तो बराच वेळ धरला. धागा निघाला नाही. पाणी स्वच्छ राहिलं.

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "खुंट निरोगी आहे. मूळ निरोगी आहे. वरचा देठ भरलाय. मग शिरला कुठून? उडून तर आला नाही."

दाराला आतून कडी असावी आणि तरी चोर घरात असावा, तसं झालं. अण्णा माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात असं होतं की सांधा करणारीचाच काहीतरी दोष असणार. मला खोली दिसायला लागली. काळं कापड काढलेलं. ट्रेमध्ये झेंडू.

मी उठून उभ्या असलेल्या एका झाडाजवळ बसले. मला सांधा बघायचा होता. सांधा जुळला की तिथं बांगडी घातल्यासारखं फुगीर कडं राहतं. खालचा रंग वेगळा, वरचा वेगळा. ती खूण मी कुठंही ओळखते. पण देठावर ती दिसेना. मातीपासून वर सगळा टोमॅटोच. मी दुसरं झाड बघितलं. तिसरं. कुठंच सांधा नाही. क्षणभर वाटलं की ही झाडं आमची नाहीतच.

मग मी बोटांनी माती उकरली. भुसभुशीत होती. प्रेमानं घातलेली. वीतभर खाली गेल्यावर बोटाला बांगडी लागली. आणि तिच्या वर, टोमॅटोच्या देठाला, दाढीसारखी पांढरी मुळं फुटली होती.

"मॅडम," मी हाक मारली.  त्या आल्या, वाकल्या, आणि एका नजरेत त्यांना कळलं.

टोमॅटोच्या देठाची एक खोड आहे. ओली माती टेकली की तिथं त्याला मुळं फुटतात. साध्या रोपाला ते चांगलंच. म्हणून आमच्याकडे टोमॅटो थोडा मोठा झाला की खुरप्यानं दोन्ही बाजूंची माती ओढून बुंध्याशी लावतात. याला भर लावणं म्हणतात. भर लावली की झाड पडत नाही, जास्त मुळं धरतं. ज्याच्या रानात भर नीट, तो नीट शेतकरी. पण कलमी झाडाचा सांधा मातीत गाडला, तर टोमॅटो स्वतःची मुळं सोडतो. आणि तीच कच्ची मुळं रोगाला बाजूची वाट उघडून देतात. रानवांगं पुढच्या दाराशी पहारा देत असतं, आणि मागं हे दार उघडं.

"लावताना तर सांधा वर ठेवलेला आमी," अण्णा म्हणाले. "सरांनी बजावलेलं. मी सोता उभा हुतो."

"लावताना बरोबर होतं," मॅडम म्हणाल्या. "नंतर भर कुणी लावली?"

"म्या," अव्वा म्हणाल्या.

 अव्वांच्या आवाजात अभिमान होता. "बायका लावल्या तर वरच्यावर माती फेकत्यात. म्हणून म्या एकेका झाडापाशी बसून लावली. गुडघं गेलं माझं. खालच्या ओळी तेवढ्या ऱ्हायल्या. मधीच पर्व आलं. पर्युषणात आमी माती उकरत न्हाई. मुंगी मरती, किडा मरतो. म्हणलं, पर्व झाल्यावर लावू."

म्हणून खालच्या ओळी उभ्या होत्या. मॅडमनी तोंड उघडलं, "आजी, तुम्ही..." आणि त्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. अण्णाही बघत होते. बोलायचं मी बघते असं त्याच म्हणाल्या होत्या. पण काही गोष्टी शिकलेल्या तोंडानं सांगितल्या की शिव्यांसारख्या लागतात.

मी अव्वांच्या शेजारी सरकले. एक झाड उकरलेलंच होतं. त्यांचा हात धरून त्यांचं बोट मी सांध्यावर ठेवलं.

"अव्वा, ही बांगडी लागली का?"

"लागली."

"हिच्या खाली रानवांगं हाय. त्येला मातीत लढाय येतं. हिच्या वर टमाटं. त्येला लढाय येत न्हाई. माती त्येच्या अंगाला लागली की त्ये पाय सोडतं. आणि त्या पायानं रोग वर येतो."

अव्वांचं बोट बांगडीवरून वर गेलं, त्या पांढऱ्या मुळांवर थांबलं. त्या ती मुळं चाचपत राहिल्या. ढगातून ऊन आलं आणि गेलं.

"म्हंजी म्याच," त्या म्हणाल्या.

"तुमी जगवायलाच घातली माती."

"व्हय. पर गळ्यापतुर घातली." त्यांनी हात झटकला. अण्णा काहीतरी बोलणार तोच त्यांच्यावर उखडल्या, "तू गप. सरांनी तुला बजावलं. तू मला सांगितलंस का? भर लावताना माझ्या पुढनं चारदा गेलास, मोबाईल कानाला लावून."

अण्णा बांधावरच्या गवताकडे बघायला लागले.

"आता काय करायचं त्ये सांगा," अव्वा म्हणाल्या. "का रोटरच?"

मॅडमनी सांगितलं. बसलेली झाडं मातीसकट काढून वावराबाहेर न्यायची. वरून खाली जाणारं पाणी अडवायचं. आणि जी झाडं अजून उभी आहेत त्यांची माती काढून सांधा उघडा करायचा, टोमॅटोची मुळं ब्लेडनं छाटायची, वारा लागू द्यायचा. काहींच्या अंगात रोग आधीच गेला असेल, ती जातील. बाकीची राहतील. पण काम नाजूक. साल सोलली तर तिथूनच रोग आत जाणार.

"आमच्या बायका करतील," मी म्हणाले. हे मी कसं बोलले मला माहीत नाही. मॅडम वळून बघायला लागल्या. सरांना विचारलेलं नव्हतं.

सरांनी फोनवर खूप आढेवेढे घेतले. नर्सरीत मिरचीची रोपं भरायची होती. मॅडमनी फोन माझ्याकडे दिला. मी म्हणाले, "सर, खोली बंद करायची तर करा. पण रानवांग्याचं काय चुकलं न्हाई. त्येला एकदा बघू द्या लढून."  मग सर म्हणाले, "सकाळी गाडी पाठवतो. संध्याकाळी परत या."

आम्ही कलमाच्या सगळ्या बाया आलो. एकेका ओळीत एकेक जणी गुडघ्यावर बसलो. बोटांनी माती बाजूला सारायची, बांगडी सापडली की थांबायचं, मुळं छाटायची, ब्लेड जंतुनाशकात बुडवायचं, पुढच्या झाडाकडे सरकायचं. खुरपं नाही. खुरप्याला सांधा कळत नाही. थोड्या वेळानं बोलणं आपोआप थांबलं. रान ओलं होतं आणि ऊन मऊ. टोमॅटोच्या पानांचा तो उग्र वास डोक्यात चढत होता. कुठं माझी बोटं संपतात आणि कुठं देठ सुरू होतो, ते कळेनासं झालं. झाडांपाशी खाली वाकून आपलेच पाय धुतल्यासारखं वाटत होतं.

अव्वा आमच्या मागून येत होत्या. उकरलेल्या मातीत गांडूळ दिसलं की उचलून ओंजळीत घ्यायच्या आणि बांधाच्या सावलीत नेऊन सोडायच्या. मंदानं विचारलं, "अव्वा, त्येंचं तिकीट काढलंय का?"

"तुझं काढू का?" अव्वा म्हणाल्या. "हितनं थेट कऱ्हाड."

आम्ही गेल्यानंतरही झाडं बसत राहिली. रोज अण्णांचा फोन यायचा. आज इतकी. आज तितकी. सर फोन घेताना माझ्याकडे बघायचे नाहीत. मी चेंबरमध्ये जाऊन उभी राहायचे. धुक्यात डोळे मिटले की मला ते वावर मातीच्या खालून दिसायचं. काळ्या मातीत रानवांग्याची पांढरी मुळं, लांबवर पसरलेली, आणि त्यांच्याभोवती तो ग्लासातला धागा वळत, शोधत फिरतोय. एका शिरेत शिरतो. शीर बंद होते. दुसरीत शिरतो. तीही बंद होते. आवाज कसलाच नाही. वर ऊन, फुलं, मधमाश्या. खाली कुणीतरी एकेक दार लावत चाललंय.

मग एक दिवस अण्णांचा फोन आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सरांनी स्वतःच लावला.

"काय अण्णा, आज काही बोलला नाहीत?"

"बसली असती तर बोललो असतो," अण्णा म्हणाले. "आता काय बोलायचं? हायत उभी." सरांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. मागून अव्वांचा आवाज आला, "त्या धनगरणीला सांग, पळाली न्हाईत म्हणावं."

वरच्या अंगाची बरीच झाडं गेली, ती गेलीच. पण जी उभी होती ती पुढे फळांचा तोडा संपेपर्यंत उभी राहिली. खालच्या ओळींना काहीच झालं नाही. रोटर फिरला नाही, आणि त्या जमिनीत औषध गेलं नाही. मॅडम म्हणाल्या, रोग तिथून गेलेला नाही. तो मातीत आहेच, पुढेही राहील. झाडानं त्याला मारलं नाही, फक्त आत येऊ दिलं नाही. अव्वांना हे कळवलं तेव्हा त्या म्हणे फार खूश झाल्या. दोघं जगले, असं म्हणाल्या.

खोलीबद्दल सर पुन्हा काही बोलले नाहीत. दिवाळीच्या आधी त्यांनी रानवांग्याच्या बियांची पिशवी आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेले. ते बी उगवायला फार वेळ लावतं, म्हणून आधी पेरावं लागतं. मी त्याच दिवशी पेरलं.

या कामातून आम्ही एकच गोष्ट शिकलो. रोप कुणी विकत घेतलं याला फारसा अर्थ नाही. आता कलमी रोपं मागायला कुणी आलं की सर विचारतात, "तुमच्या रानात भर कोण लावतं?" माणूस जरा बुचकळ्यात पडतो. मग सांगतो, आई लावते, मंडळी लावतात, नाहीतर वहिनी. सर म्हणतात, "त्यांना घेऊन या. रोपं त्यांच्याच हातात देणार." काही जण चिडून परत जातात. बरेच जण घेऊन येतात. त्या बाया दाराशी लाजून उभ्या राहतात. मी त्यांना आत बोलावते आणि त्यांचं बोट सांध्यावर ठेवून दाखवते.